पासिंगपेक्षा जादा माल नाकारला, म्हणून भाडं अडवलं

प्रश्न : मी निपाणी तालुक्यात राहतो. स्वतःची एकच दहा चाकी गाडी आहे, मीच चालवतो, हप्ते चालू आहेत. दीड वर्षापासून गाडी पुण्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला लावली आहे. गेल्या महिन्यात चिकोडी भागातल्या गोदामातून वाशीला साखर न्यायची होती. व्हॉट्सॲपवर होकार दिला, डिझेलला १२,००० रुपये ॲडव्हान्स घेतला. गोदामात गेल्यावर ४८० पोती भरा म्हणाले. ३७५ च्या वर घेणार नाही म्हटल्यावर गाडी रिकामी परत पाठवली. आता कंपनी म्हणते, करारात लोड नाकारल्यास २५,००० दंड आहे, तो मागच्या तीन फेऱ्यांच्या ८६,००० बॅलन्समधून कापणार. उरलेलेही देत नाहीत. माझा सही केलेला कोरा चेक त्यांच्याकडे आहे. करार इंग्रजीत आहे. दावा फक्त पुण्यात लावायचा आणि कंपनी सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या कुणाचा माल भरायचा नाही, असं त्यात लिहिलंय. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी तुमच्या बोलण्यातला एक शब्द बदला. तुम्ही लोड नाकारलेलं नाही, जादा वजन नाकारलं आहे. ३७५ पोत्यांवर तुम्ही तयार होता, गाडी रिकामी त्यांनी परत पाठवली. पुढची सगळी बाजू या फरकावर उभी राहणार आहे, म्हणून फोनवर, मेसेजमध्ये, नोटिशीत कुठेही ‘मी लोड नाकारलं’ असं तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

आता वजनाचा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या आरसीच्या फोटोत एकूण भारित वजन (गाडी आणि माल मिळून मंजूर वजन, म्हणजेच पासिंग) २८,५०० किलो आहे आणि डिझेल, ताडपत्री, दोर, स्टेपनीसकट रिकाम्या गाडीची काटा पावती ९,५०० किलोची आहे. म्हणजे १९,००० किलोच माल बसतो. साखरेचं पोतं ५० किलोचं असलं तरी तागाचं बारदान सुमारे ६०० ग्रॅमचं असतं. ३७५ पोत्यांचे १८,९७५ किलो झाले, म्हणजे तुमचा आकडा अगदी काठावर बरोबर होता. ४८० पोत्यांचे होतात २४,२८८ किलो, आणि गाडी जाते ३३,७८८ वर. पाच टनांहून जास्त ओव्हरलोड.

इतर गाडीमालकांसाठी इथेच सांगतो. जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने एक्सलचं वजन वाढलं आणि दहा चाकी २५ टनांवरून २८.५ वर गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रस्त्यावर बघितला जातो तो तुमच्या आरसीवरचा आकडा. जुन्या गाडीच्या आरसीवर अजून २५,००० असेल, तर २५,००० धरूनच भरा. ‘दहा चाकीला आता साडेअठ्ठावीस चालतं’ हे व्यापाऱ्याचं वाक्य चलनाच्या वेळी कामाला येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे आरसीतल्या वजनापेक्षा जास्त भरलेली गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि चालवायला लावणं हाही. कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. तुमच्या बाबतीत तो निदान ३० हजार झाला असता. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि माल उतरल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. काट्यावर न्यायला नकार दिला तर ४० हजार. कायदा कंपनीलाही धरतो, पण ई-चलन गाडीच्या नंबरवर निघतं, म्हणजे तुमच्यावर. ‘वाटेतलं आम्ही बघू’ याला लेखी किंमत शून्य. कोगनोळीच्या पुढे रस्त्याकडेला शंभर पोती उतरवायची वेळ आली, तर हमाली तुम्ही देणार, आणि एखादं पोतं फुटलं किंवा भिजलं की शॉर्टेज तुमच्याच भाड्यातून कापणार. अपघात झाला तर विम्यावरही परिणाम होतो. ओव्हरलोड गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मंजूर रकमेच्या जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी चौकट सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात मान्य केली आहे. हप्त्याच्या गाडीला उरलेले २५ टक्के कुठून आणणार?

कंपनीवर आणखी एक कायदा लागू आहे. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ खाली ट्रान्सपोर्ट कंपनी, बुकिंग एजंट, दलाल हे सगळे ‘कॉमन कॅरियर’मध्ये, म्हणजे भाड्याने माल नेणाऱ्यांत, मोडतात. त्यांना नोंदणी सक्तीची आहे आणि आरसीपेक्षा जास्त माल भरायला त्यांनाच बंदी आहे. नोटिशीत त्यांचा नोंदणी क्रमांक मागा. बऱ्याचदा एवढ्या एका ओळीने समोरच्याचा सूर खाली येतो.

आता २५,००० चा दंड. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा गोष्ट करायला लावणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. बेकायदा वजन न भरल्याबद्दल दंड बसूच शकत नाही. शिवाय कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही. न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. मात्र हे सरसकट धरू नका. पासिंगमधला माल, ठरलेलं भाडं, होकार दिलेला, आणि मग दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात म्हणून गाडी वळवली असती, तर करार तुम्ही मोडला असता आणि त्यांचं खरं नुकसान द्यावं लागलं असतं. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके’ हाही होकारच. म्हणून होकार देतानाच वजन लिहून घ्यायची सवय लावा.

त्या दिवशी तुम्ही लेखी काही पाठवलं नाही, ही तुमच्या बाजूची एकमेव मोठी त्रुटी आहे. ती अजून भरून निघते. आजच कंपनीच्या त्याच नंबरवर आणि ईमेलवर साध्या मराठीत असं पाठवा :

‘अमुक तारखेला गाडी क्रमांक अमुक सकाळी इतक्या वाजता तुमच्या सांगण्यावरून गोदामात हजर होती. आरसीप्रमाणे एकूण वजन २८,५०० किलो, रिकामी गाडी काट्यावर ९,५०० किलो. ५० किलोची ३७५ पोती भरायला मी तयार होतो. तुमच्या माणसाने ४८० पोतीच भरायचा आग्रह धरला आणि गाडी रिकामी परत पाठवली. पासिंगइतका माल मी नाकारलेला नाही.’

यात राग नको, शिवी नको, ‘बघून घेतो’ नको. गाडीच्या जीपीएसचा त्या दिवसाचा रिपोर्ट काढून ठेवा, गोदामाच्या गेट रजिस्टरमधली नोंद किंवा गेटपास मिळाला तर घ्या, काटा पावतीची झेरॉक्स आजच काढा. काट्याचा कागद थर्मल असेल, तर दोन उन्हाळ्यांत कोरा पडतो. व्हॉट्सॲप आणि व्हॉइस मेसेज ज्या मोबाइलमध्ये आले, तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नुसते स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाहीत, आणि ते प्रमाणपत्र मूळ फोन असला की सोपं जातं.

एक गोष्ट लोक विसरतात. त्या फेरीसाठी ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) काढून त्यात तुमचा गाडी नंबर आधीच टाकला होता का, ते तपासा. माल गेलाच नाही तर बनवणाऱ्याला ते २४ तासांत रद्द करता येतं, किंवा त्याच्या भाग-ब मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, दुसरी गाडी टाकावी लागते. तसं केलं नसेल, तर तुमच्या नंबरावर कागदोपत्री एक खेप वाशीला गेलेली दिसते आणि जीएसटीवाल्यांचा प्रश्न तुमच्याकडे येतो. वरच्या मेसेजमध्ये शेवटी एक ओळ घाला : माझ्या गाडीच्या नावे ई-वे बिल किंवा एलआर (बिल्टी) निघाला असल्यास तो रद्द केल्याचं कळवा.

मागच्या तीन फेऱ्यांचे ८६,००० हा पूर्ण वेगळा हिशेब आहे आणि तो वेगळाच ठेवा. माल पोचला, पोच मिळाली, भाडं देणं झालं. त्यासाठी प्रत्येक फेरीचा एलआर, सही-शिक्क्याची पोच आणि ॲडव्हान्सची बँक एन्ट्री लागते. मूळ पोच कंपनीला देऊन टाकली असेल, तर माल उतरवलेल्या पार्टीकडून शिक्क्याची प्रत मागा. यापुढे पोच हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कारण शिक्का आणि शॉर्टेजचा शेरा बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो.

१२,००० च्या ॲडव्हान्सबद्दल मात्र सरळ राहा. ती फेरी झाली नाही, पैसे त्यांचे आहेत. गोदामापर्यंतचं जाण्यायेण्याचं डिझेल तुम्ही मागू शकता, पण चेक त्यांच्या हातात असताना तेवढ्या डिझेलसाठी ॲडव्हान्स अडवून ठेवू नका. नोटिशीत लिहा : ८६,००० मधून १२,००० वळते करून घ्या आणि ७४,००० पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. असं लिहिलं की चेकमागचं देणंच राहत नाही. चेकचा क्रमांक लिहून तो परत मागा, आणि ‘हा चेक तारण म्हणून कोरा दिला होता, आज माझं काही देणं नाही’ हे त्याच पत्रात येऊ द्या. बँकेला स्टॉप पेमेंट द्या, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. स्टॉप पेमेंटमुळे चेक परत गेला तरी चेक न वटल्याची, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची केस लागू शकते, आणि सही तुमची असेल तर देणं होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं. ते खोडून काढायला हे पत्र लागतं. चेक परत गेल्यावर ३० दिवसांच्या आत त्यांची नोटीस येईल. तुम्हाला १५ दिवस मिळतात. पाकीट घेतलं नाही म्हणून नोटीस टळत नाही. घ्या आणि वकिलामार्फत त्याच मुदतीत उत्तर द्या.

पुण्याच्या कोर्टाची अट सहसा टिकते, कारण कंपनीचं ऑफिस तिथे आहे. पण एक वाट निपाणीकराला जवळची आहे. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) या फेऱ्यांच्या आधीची असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार काहीही असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. दावा या कायद्याखाली थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जातो आणि कलम १८ प्रमाणे सेवा देणारा जिथला, तिथल्या परिषदेला तो चालवता येतो, समोरचा देशात कुठेही असो. म्हणजे कर्नाटकातल्या परिषदेकडे. तिच्या निकालाविरुद्ध कंपनीला कोर्टात जायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी नसेल तर आजच करा. आधार आणि पॅनवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मात्र नंतर केलेली नोंदणी मागच्या फेऱ्यांना लागू पडते का, यावर वाद आहे. त्या फेऱ्यांसाठी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज द्या. फी नाही, कंपनीला बोलावणं जातं, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. चौकशीला १५१०० हा नंबर आहे. ग्राहक आयोगात जाऊ नका. तुम्ही ग्राहक नाही, सेवा देणारे आहात.

वर्षभर दुसऱ्याचा माल न भरण्याची अट करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्द आहे. करार चालू असेपर्यंत ‘आमचंच लोड’ ही अट चालू शकते, सोडल्यानंतर नाही. म्हणून आधी करार संपवल्याचं लेखी कळवा, मग दुसरीकडे गाडी लावा. त्यांनी तुम्हाला लोड द्यायचं बंद केलं, त्याला मात्र उपाय नाही. ठरावीक फेऱ्या देण्याची हमी करारात नसेल तर ती मागता येत नाही, त्यावर वकिलाची फी घालवू नका.

आणि कृपा करून हे करू नका : रागाच्या भरात त्यांचा दुसरा एखादा माल भरून घेऊन ‘बॅलन्स द्या, मग उतरवतो’. माल व्यापाऱ्याचा असतो, भांडण कंपनीशी आहे. वाहतुकीसाठी ताब्यात दिलेल्या मालाच्या अपहाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती एका रात्रीत उलटते.

कुणी धमकी दिली किंवा गाडी अडवली, तर ठाण्यात तक्रार मराठीत लिहून द्यायला कचरू नका. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहून घेतला, तर वाचून दाखवायला सांगा, समजल्यावरच सही करा आणि प्रत घ्या.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पुण्याच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि तुमच्या भागातल्या शाखेवर अशी दोन्हीकडे पाठवा. भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती प्रत्येक फेरीसाठी वेगळी मोजली जाते. तीन फेऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या फेरीचं भाडं कोणत्या तारखेला देणं झालं, ते आजच एलआरवर पेनने लिहून ठेवा.