विज्ञानकथांतल्या सैन्यात नवखे रंगरूट स्वतःला सिद्ध कसे करतात? सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

रॉबर्ट हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'पासून (1959) करा. यातला जॉनी रिको शाळा संपताच भरती होतो. त्याच्या रेजिमेंटमध्ये सुरुवातीला 2009 जण असतात, प्रशिक्षण पूर्ण करतात फक्त 187. परग्रहावरची लढाई राहिली बाजूला, पुस्तकाचा खरा जीव या छावणीत आहे. एका सरावात रिको पुरेशी खात्री न करता लुटुपुटूचा अणुबॉम्ब डागतो. खऱ्या युद्धात त्याचाच साथीदार मेला असता. शिक्षा काय, तर पाच फटके! तो ते सोसतो आणि टिकून राहतो. इथे सिद्ध होणं म्हणजे शौर्य नाही, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणं. मला हे फार पटतं, फटके मात्र अजिबात पटत नाहीत.

मग लगेच जो हॉल्डमनचं 'द फॉरेव्हर वॉर' (1974) वाचाच. हाइनलाइन नौदलात अधिकारी होता, पण क्षयामुळे 1934 मध्ये निवृत्त झाला. प्रत्यक्ष लढाई त्याने पाहिली नाही. हॉल्डमन व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला. फरक पानोपानी जाणवतो. त्याच्या कादंबरीचा नायक मँडेला हुशार म्हणून सक्तीने भरती केलेला. प्रशिक्षणातच सोबती मरतात. पुढे प्रकाशाच्या वेगाजवळच्या प्रवासामुळे त्याचे काही महिने जातात तेव्हा पृथ्वीवर कित्येक वर्षं उलटलेली असतात. बढत्या मिळत जातात, पण ज्यांच्यासाठी सिद्ध व्हायचं ती माणसंच उरत नाहीत.