बेसमेंट मेम्ब्रेनसारख्या एका पडद्यावर अख्खं करिअर काढण्याइतकं काही असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी संपत आलीय, सरांनी पीएचडीसाठी ‘भ्रूणविकासात बेसमेंट मेम्ब्रेनचं (पेशींच्या थराखाली असणाऱ्या प्रथिनांच्या पातळ पडद्याचं) काम’ हा विषय सुचवलाय, आणि एका पडद्यावर पाच-सहा वर्षं, पुढे कदाचित आयुष्य, घालवावं एवढं त्यात आहे का?

मी अठरा वर्षं घालवली आहेत. म्हणजे माझं मत एकतर्फीच असणार, ते धरून चालून पुढे वाचा.

बीएस्सीला हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये आपण पेशींची रांग काढायचो, खाली पेन्सिलीने एक रेघ ओढायचो आणि बाण दाखवून नाव लिहायचो. अर्धा मार्क. पेशी ज्यावर बसतात ती सतरंजी, एवढीच माझी समजूत होती. लॅबमध्ये आम्ही तिला नुसतं बीएम म्हणतो. पुस्तकात तिची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास दिलेली असते, म्हणजे केसाच्या जाडीत अशा सात-आठशे मावतील. त्यातही गंमत अशी की ती जाडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजलेली, आणि त्यासाठी नमुना आधी पार सुकवावा लागतो. पिट्सबर्ग विद्यापीठात विली हाल्फ्टर यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणाच्या डोळ्यातली बीएम ओली असतानाच मोजली, तर ती निदान दुप्पट भरली. आपण वाळलेला पापड मोजून लाटीची जाडी सांगत होतो.

माझी सुरुवात पुण्यात झाली, कोंबडीच्या अंड्यांपासून. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी रुजवलेली ही जुनी परंपरा आहे, त्यामुळे शिकवणारे हात मिळाले. पद्धत डेनिस न्यू यांची, १९५५ची. हॅचरीतून आणलेली अंडी अठरा तास उबवायची, सलाइनमध्ये फोडायची, बलकाभोवतीचा पारदर्शक पडदा विषुववृत्तावर कापून भ्रूणासकट अलगद सोलायचा आणि वॉच ग्लासमध्ये काचेच्या कड्यावर ताणून बसवायचा. (हा बलकावरचा पडदा म्हणजे बीएम नव्हे. व्हायव्हात यावर हमखास दांडी उडते.) पहिल्या आठवड्यात माझा एकही भ्रूण कड्यापर्यंत पोचला नाही. चिमटा जरा जास्त दाबला की बलक फुटतो, सलाइन हळदीच्या दुधासारखं होतं आणि आत काहीच दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक जगला. दुसऱ्या दिवशी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर हृदय उडतंय. तांदळाच्या दाण्याहून लहान, पण उडतंय. मी त्या दिवशी मेसमध्ये जेवायला जायचंच विसरले.

आता खरा विषय. अठरा तासांच्या भ्रूणात पेशींचा एक सपाट थर असतो आणि मधोमध एक चीर दिसते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. वरच्या थरातल्या पेशी तिथे येतात, आत बुडी मारतात आणि त्यांच्यापासून पुढे स्नायू, हाडं, रक्त, आतडं असं सगळं घडतं. पण त्या थराखाली बीएम अंथरलेली असते. बुडी मारायची तर ती फाटायला हवी. मी भ्रूणाचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, घेऊन त्यांना बीएममधल्या लॅमिनिन या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून हिरवा रंग दिला. डावीकडून एक हिरवी रेघ आली, उजवीकडून एक आली आणि मध्ये, बरोबर चिरेखाली, काळोख. मी नाचायचीच बाकी होते. गाइडनी स्लाइड पाहिली आणि विचारलं, “सेक्शन फाटलाय का?” फाटलाच होता. पुढचे चार महिने पाती बदलणं, जिलेटीन बदलणं, गोठवण्याची पद्धत बदलणं यात गेले. शेवटी रेघेत खंड दिसत होता पण त्याच्या वर-खालचं ऊतक सलग होतं, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

हे आधी कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. पण मला तोवर वाटत होतं की पेशी विकर (एन्झाइम) सोडून पडदा कुरतडते आणि मग आत शिरते, चोर भिंत फोडतो तशी. २००८मध्ये कोबे इथल्या रिकेन संस्थेतल्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातच दाखवलं की आधी पेशीची पडद्यावरची पकड सुटते. पेशीच्या तळाजवळच्या सूक्ष्मनलिका, म्हणजे तिच्या आतल्या सांगाड्याच्या बारीक नळ्या, ढळतात आणि त्यानंतर तिथला पडदा विरतो. धरून ठेवणारं कुणी नसलं की बीएम टिकत नाही. हा पेपर वाचल्यावर सतरंजीची कल्पना मी कायमची सोडली.

उंदरातले प्रयोग याहून रोखठोक आहेत. १९९९मध्ये लॅमिनिनच्या एका साखळीचं जनुक काढून टाकलं, तर बीएम तयारच झाली नाही आणि भ्रूण साडेपाच दिवसांचा असताना, गर्भाशयात जेमतेम रुजून, मेला. २००४मध्ये बीएममधलं दुसरं प्रथिन, टाइप चार कोलॅजन, काढलं. या वेळी बीएम झाली, लॅमिनिन जागच्या जागी होतं, भ्रूण साडेदहा-अकरा दिवसांपर्यंत वाढला आणि मग ताण न सोसून पडदे फाटले. शिवणकाम येत असेल तर लगेच कळेल: लॅमिनिन म्हणजे कच्चे टाके, कोलॅजन म्हणजे वरून मारलेली पक्की टीप. कच्च्या टाक्यांवर कपडा अंगावर चढतो, पण हात वर केला की उसवतो.

आणि माशीचं अंडं लांबट का होतं, हे ऐकलंय? २०११मध्ये दिसलं की ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाशीच्या, अंडाशयात अंडं ज्या कोषात वाढतं तो कोष चक्क स्वतःभोवती गरगर फिरतो. फिरता फिरता त्याच्या बाहेरच्या बीएममधले कोलॅजनचे धागे कंबरपट्ट्यासारखे आडवे लागतात. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं. मग अंड्याला रुंद व्हायला वाव नाही, ते लांब होतं. मला वाटतं या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

रोजचं काम मात्र देखणं नसतं. बीएमची प्रथिनं भ्रूणातून मोजण्याइतकी मिळत नाहीत. १९७९मध्ये लॅमिनिन सापडलं तेही उंदराच्या एका गाठीतून, जी हा माल ढिगाने तयार करते. त्याच गाठीचा अर्क आज मॅट्रिजेल नावाने विकतात. महागडा, आणि थंड असेल तोवरच पातळ. एकदा फोन आला म्हणून मी बाटली बर्फातून काढून टेबलावर ठेवली आणि पाच-सात मिनिटांनी आले, तर खरवस. त्या महिन्याचं बजेट तिथेच संपलं. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी शिष्यवृत्ती, २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण तो दर महिन्याला खात्यात पडेल हे गृहीत धरून खोली भाड्याने घेऊ नका. मी दोनदा मैत्रिणीकडून उसने घेतलेत. उंदरांवर काम असेल तर नैतिक समितीच्या परवानगीचे महिने वेगळे धरा. अंड्यांचं काम त्या मानाने लवकर सुरू होतं, म्हणून शक्य असेल तर पहिलं वर्ष कोंबडीवरच काढा.

घरच्यांना सांगायला अल्पोर्ट सिंड्रोम आहे. टाइप चार कोलॅजनच्या जनुकात दोष, मूत्रपिंडाची चाळणी हळूहळू निकामी, सोबत ऐकू कमी येणं. मी मात्र हे सांगूनही माझ्या मावशीचं समाधान करू शकले नव्हते. ती दर दिवाळीत विचारायची, “म्हणजे नक्की कसला पडदा गं?”

तीन वर्षांपूर्वी तिच्याच रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, मध्यभागी छिद्र पडलं. यावरची शस्त्रक्रिया अशी की रेटिनाच्या आतल्या अंगावरचा एक पातळ पापुद्रा निळा रंग देऊन दिसता करतात आणि चिमट्याने सोलून काढतात, म्हणजे ताण सुटून छिद्र मिटतं. तो पापुद्रा बीएमच आहे, हाल्फ्टर यांनी कोंबडीत मोजला तोच. निळा रंगही ओळखीचा निघाला, आम्ही लॅबमध्ये प्रथिनं मोजायला वापरतो तोच ब्रिलियंट ब्लू. मी उत्साहाने हे सगळं तिला समजावलं. डोळ्यात गॅस भरल्यामुळे ती उशीत तोंड खुपसून पालथी पडून होती. सगळं ऐकून घेतलं आणि तशीच म्हणाली, “म्हणजे तुझा तो पडदा काढून फेकला, तेव्हा मी बरी होणार. आणि तू इतकी वर्षं तो फाटू नये म्हणून धडपडतेयस?”