डाळमिलसाठी सगळंच मुदत कर्ज घ्यायचं का?

प्रश्न: गावात छोटी डाळमिल टाकायची आहे. यंत्रं आणि शेड मिळून ६ लाख. तूर खरेदीचं भांडवल वेगळं. वर्षाची विक्री १५ लाख धरली आहे. बँक ८ लाखांचं मुद्रा कर्ज ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी देतेय, पण माझी ३ लाखांची एफडी तारण मागतेय. घेऊ का?

उत्तर: मिल टाका, पण कर्ज या स्वरूपात घेऊ नका.

८ लाखांचा हप्ता जवळपास १७,४०० रुपये बसतो. तूर बाजारात येते जानेवारी ते मार्च, आणि शेतकऱ्याला रोख मोजावी लागते. डाळ मात्र वर्षभर विकली जाते, तीही बरीचशी उधारीवर. खरेदीचा पैसाही हप्त्यात बांधला, तर तो वर्षभरात बँकेकडे परत जायला लागतो. दुसऱ्या हंगामात यंत्र उभं असतं, दळायला तूर नसते. मग कर्ज वाटूनही गावाची तूर कच्चीच बाहेर जाते.

त्यापेक्षा दोन खाती मागा. यंत्र-शेडसाठी ५ लाखांचं मुदत कर्ज, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचं (हप्ता सुमारे १०,९००), वरचे १ लाख तुमच्या एफडीतून. खरेदीसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलायचे आणि विक्री झाली की भरायचे असं खातं: अंदाजित उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख. त्यावर उलाढालीचे ५ टक्के, ७५ हजार, तुमचे. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. एफडीतले सव्वा लाख उरतात; ते अकरा हप्त्यांची सोय म्हणून राहू द्या.

तारणाबद्दल: निदान १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवा, ती मोफत आहे.

कॅश क्रेडिट बिघडतं ते आळसामुळे. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, बँकेला वेळेवर द्या. विक्रीचा पैसा त्याच खात्यात फिरवा. दुसऱ्या बँकेत वळवलात आणि या खात्यात ९० दिवस काही जमा झालं नाही, तर ते एनपीए, म्हणजे थकीत खातं, ठरतं. थ्री फेज वीजजोडणी रखडते, म्हणून हप्ता सुरू होण्याआधी ६ महिन्यांची सवलत मंजुरीपत्रातच लिहून घ्या.

पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) अनुदान हवं असेल, तर अर्ज आधी करा. उद्योग उभारायचं अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं. मुद्रा घेऊन मिल सुरू केलीत की ते दार बंद; पुढे मिळालंच तर विस्तारासाठीच्या कर्जावर.

वीज, मजुरी आणि कॅश क्रेडिटचं व्याज जाऊन महिन्याला १६,३०० उरत नसतील, म्हणजे हप्त्याच्या दीडपट, तर यंत्र लहान घ्या.