बिटाचा रस आणि प्रेशरची गोळी

बिटाच्या रसावरची पत्रे थांबत नाहीत आणि शंका त्याच त्याच असतात. म्हणून आज फक्त हाच विषय.

बिटाच्या रसाने रक्तदाब खरेच उतरतो का? (म्हापसा)

थोडा उतरतो. बिटातले नायट्रेट लाळेत येते, जिभेवरचे जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात रोज २५० मिली रस चार आठवडे घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सात-आठने उतरला. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा चढला.

रसामुळे लघवी लालसर होते. रक्त तर नव्हे?

बहुधा बिटाचाच रंग. बीट न खाताही दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेजारच्या काकांचे ऐकून महिनाभर रस घेतोय. गोळी सोडली, बरे वाटते. चालेल ना? (फोंडा)

नाही चालणार. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, मग बरे वाटण्यावरून काय ठरवणार? दुखत-खुपत नसतानाही मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांचे नुकसान होत असते. पक्षाघात झाल्यावर घरचे सांगतात, ‘गोळी सोडली होती, पण त्रास काहीच नव्हता.’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. लंडनच्या त्या अभ्यासातही ६८ पैकी निम्मे रुग्ण गोळ्या घेणारे होते आणि गोळ्या चालू ठेवूनच त्यांची तपासणी झाली. रस गोळीच्या जोडीला होता, जागी नव्हे. शिवाय काही गोळ्या एकदम थांबवल्या की रक्तदाब उसळी मारतो. काका शेजारधर्माने सांगतात, पण तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेले नाहीत. आजच रक्तदाब मोजून घ्या आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. सकाळच्या पेजेबरोबरचे लोणचे आणि खारे (खारवलेली सुकी मासळी) किती होते, तेही त्यांना सांगा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. ते तसेच ठेवून रसाकडून अपेक्षा धरू नका.

माउथवॉशने फरक पडतो का?

पडतो. जंतुनाशक माउथवॉशने जिभेवरचे ते जंतूच मरतात. मात्र दंतवैद्याने दिला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

बिटाच्या पावडरीचे महागडे पाकीट घ्यावे का? (मडगाव)

नका घेऊ. ‘प्रेशर मुळापासून जाईल’ असे छापणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पाकिटात नायट्रेट किती, हे पुष्कळदा लिहिलेलेही नसते. बाजारातली तांबडी भाजी, पालक, मुळा यांत नायट्रेट भरपूर असते. फक्त भाजी उकडून पाणी फेकू नका, नायट्रेट त्यातच उतरते.

माझे क्रिएटिनीन वाढलेले आहे, मुतखडाही होऊन गेला. रस घेऊ का? (डिचोली)

विचारल्याशिवाय घोटभरही नको. बिटात पोटॅशियम आणि मुतखडा घडवणारे ऑक्झलेट दोन्ही पुष्कळ. क्रिएटिनीन वाढणे ही मूत्रपिंडे अशक्त असल्याची खूण, आणि ती अशक्त असली की रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि प्रेशरच्या काही गोळ्याही ते वाढवतात. ताजा रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा. पालक आणि तांबडी भाजी किती खावी, तेही त्यांनाच विचारा.