वाचकांचे प्रश्न : रहस्यकथांचं वेड

प्रश्न : आमची मुलगी आठवीत आहे. वर्षभर नुसत्या रहस्यकादंबऱ्या वाचते. दुसरं पुस्तक दिलं की दहा पानांत बाजूला ठेवते. यात एवढं असतं तरी काय?

उत्तर : या वयात मुलांना घरात सगळं अर्धवट सांगितलं जातं. ‘तुला नाही कळायचं’ म्हणून विषय बदलला जातो. चांगली रहस्यकथा याच्या नेमकी उलट वागते. गुप्तहेराला जे दिसतं ते सगळं ती वाचणाऱ्यापुढे ठेवते आणि म्हणते, आता तू शोध. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा घ्या. १९६५ साली तो ‘संदेश’ या मुलांच्या बंगाली मासिकात आला. मराठीत अशोक जैन यांनी आणला. या गोष्टी सांगतो फेलूदाचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. त्याला सगळं दिसतं, अर्थ मात्र लागत नाही. तुमची मुलगी त्याच्याच शेजारी बसलेली असते, आणि कधीतरी त्याच्या आधी तिला कळतं. तो आनंद तिला सोडवत नाही.

तेव्हा पुस्तकं काढून घेऊ नका, वाचनाची खोली वाढवा. पुस्तक १६० पानांचं असेल तर १२०व्या पानावर थांबायला सांगा. चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि दोन पुरावे पानांच्या क्रमांकासह लिहून चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्यात ठेवू द्या. शेवट वाचून झाला की मागे जाऊन निसटलेला धागा शोधायचा. तो बहुधा यादीच्या मधोमध दडवलेला असतो : ‘टेबलावर चष्मा, पेपर, दोन कप आणि विझलेली उदबत्ती होती.’ घरात माणूस एकटाच, मग कप दोन कसे? भराभर वाचणारा नेमका तिथेच फसतो. दुसरी जागा म्हणजे एखादी आरडाओरड होण्याच्या जरा आधीचं वाक्य.

अंदाज सारखा चुकत असेल तर ती बहुतेक सगळ्यात खडूस माणसावर संशय घेत असेल. लेखकाने तो त्याचसाठी पेरलेला असतो. ‘कोण वाईट आहे?’ याऐवजी ‘त्या वेळी तिथे कोण जाऊ शकत होतं?’ हे विचारायला शिकवा. आणि कृपा करून शेवट फोडू नका. घरातल्या मोठ्यांकडूनच हे जास्त होतं.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. जाडजूड अनुवादित रहस्यकादंबरी आणली, पण चाळिसाव्या पानावर सोडून दिली.

उत्तर : परकी, सारखी वाटणारी आठ-दहा नावं एकदम आली की मुलं गोंधळतात. पुस्तकखूण म्हणून कागदाची पट्टी द्या; नाव आणि नातं त्यावर लिहीत जाईल. खरं तर आधी शे-सव्वाशे पानांचंच पुस्तक द्यायला हवं होतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, इथे फार उपयोगी पडतो : तर्कापेक्षा धावपळ जास्त, त्यामुळे पान अडत नाही. तशी चार-पाच पुस्तकं झाली की फेलूदा द्या.