वर्गावर कोण आहे, हे पालकांनी कुणाला विचारायचं?

प्रश्न : नाशिक शहराला लागून असलेल्या गावात आम्ही राहतो. मुलगी सरकारी शाळेत तिसरीला आहे. पहिली ते पाचवी मिळून ८४ मुलं. तीन शिक्षक होते, त्यातल्या एका गुरुजींची बदली झाली. तेव्हापासून तिसरीचा वर्ग गावातल्याच एक बाई मानधनावर घेतात. त्या बी.एड. आहेत, पण टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेली नाही, असं कळलं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मग काय वर्ग रिकामा ठेवू?’ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंचा फोटो ‘बोगस शिक्षिका’ म्हणून फिरतोय आणि शाळेला टाळं ठोकायची भाषा सुरू आहे. मुलीचं वर्ष वाया जाईल का? बाईंची सर्टिफिकेटं बघायचा हक्क आम्हाला आहे का?

उत्तर : ताई, आधी मुलीचं सांगतो. तिचं वर्ष कुठेही जात नाही. शिक्षकाची पात्रता कमी पडली म्हणून विद्यार्थ्याची हजेरी, निकाल किंवा दाखला रद्द होतो, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पात्र शिक्षक देणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची, जबाबदारी आहे. त्यांच्या चुकीचा भुर्दंड पोरांच्या माथी बसत नाही.

आता पात्रतेचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान अर्हता ठरवून दिली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के, दोन वर्षांची डी.एल.एड. (आपण अजून डी.एड.च म्हणतो) आणि टीईटी, असा तो मुख्य मार्ग. आपल्या राज्याने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने नव्या भरतीला टीईटी सक्तीची केली. ‘बी.एड. म्हणजे डी.एड.पेक्षा वरचंच की!’ हे मी कोर्टाच्या आवारातसुद्धा ऐकतो. प्राथमिकच्या वर्गांना ते लागू पडत नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पाचवीपर्यंत शिकवायला बी.एड. ही योग्य अर्हता नाही. लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं असतं. त्याआधी रीतसर नेमल्या गेलेल्या बी.एड.धारकांना संरक्षण मिळालं, पण तुमच्या बाई त्यात बसत असाव्यात असं पत्रावरून दिसत नाही. थोडक्यात, तिसरीच्या शिक्षक पदासाठी त्या पात्र नाहीत. पद मानधनाचं असो की कायम, कलम २३ त्यात फरक करत नाही.

‘आता टीईटी नसलेले सगळे घरी जाणार’ हा ग्रुपवरचा आणखी एक ठरलेला मेसेज. तो सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालावरून निघाला असणार. तो निकाल नोकरीत असलेल्या शिक्षकांबद्दल आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांना टीईटी पास व्हायला दोन वर्षं दिली आहेत. पाच वर्षांहून कमी राहिलेले टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहू शकतात, फक्त बढती मिळणार नाही. म्हणजे शेजारच्या वर्गावर वीस-बावीस वर्षं शिकवणाऱ्या गुरुजींकडे टीईटी नाही, एवढ्यावरून त्यांना आज कुणी अपात्र म्हणू नये.

पण ताई, तुमच्या पत्रातली खरी तक्रार मला वेगळीच दिसते. तुम्ही बाईंकडे बघताय, मी रिकाम्या पदाकडे बघतोय. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत ६१ ते ९० मुलं असतील तर तीन शिक्षक हवेत. तुमची ८४ आहेत. कलम २६ म्हणतं की सरकारी शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. तीन पदांच्या शाळेत एक जरी रिकामं राहिलं तरी ही मर्यादा मोडते! उद्या बाईंना काढलं तर तिसरीला कुणीच नाही, आणि मुख्याध्यापकांच्या त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर उरणार नाही. तेव्हा मागणी ‘बाईंना काढा’ अशी नको. ‘मंजूर पदावर पात्र शिक्षक द्या’ अशी हवी. दुसऱ्या मागणीवर साहेबांना लेखी काहीतरी द्यावंच लागतं.

सर्टिफिकेटं थेट मागू नका. माहिती अधिकारात ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येईल आणि तुमचे महिने अपिलात जातील. कागद पदाचे मागा. त्यासाठी संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला मंजूर झालेली पदं, हा शब्द लक्षात ठेवा. साध्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच लिहा : ‘सदर शाळेतील संचमान्यतेनुसार मंजूर, कार्यरत व रिक्त शिक्षक पदे, इयत्ता तिसरीस सध्या अध्यापन करणाऱ्या व्यक्तीच्या नियुक्ती आदेशाची प्रत, त्या नियुक्तीसाठी विहित अर्हता, रिक्त पद भरण्याबाबत झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.’ आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून त्यात गाऱ्हाणी घालू नका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नियुक्ती आदेशच निघाला नसेल आणि मानधन गावच्या वर्गणीतून जात असेल, तर कायद्याच्या हिशेबात त्या वर्गावर शिक्षकच नाही. तुमची बाजू आणखी भक्कम होते.

शाळा जिल्हा परिषदेची की हद्दीत आलेल्या गावातली महापालिकेची, हे पत्रात नाही. जिल्हा परिषदेची असेल तर अर्ज पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मनपाची असेल तर मनपाच्या शिक्षण विभागात. टेबल चुकलं तरी बिघडत नाही, पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची.

दरम्यान शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सभेत नुसतं बोलून उठू नका, रिक्त पदाचा ठराव इतिवृत्तात लिहूनच घ्या. ठरावाची प्रत जोडून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या. स्थानिक प्राधिकरणाने तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

टाळं मात्र ठोकू नका. रागाच्या भरात शिपायाला धक्का लागला तरी भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं, नुसता अडथळा आणला तर २२१. गावच्या शाळांच्या अशा आंदोलनांत पुढे वर्षानुवर्षं तारखांना येतात ते पालकच. आणि तो फोटो आजच काढायला सांगा. ‘बोगस’ म्हणजे खोटी प्रमाणपत्रं दाखवणारा. या बाईंनी कुणाला काही खोटं दाखवल्याचं तुम्हीही लिहिलेलं नाही. अपात्र असणं वेगळं. बाई वकिलाकडे गेल्या तर त्याच संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद उभी राहते आणि फॉरवर्ड करणाराही त्यात ओढला जाऊ शकतो. ग्रुपवर तुम्हीही तो पुढे ढकलला असेल, तर आधी तुमचा मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करा, मग ॲडमिनला फोन लावा.