छत उघडायची घाई करू नका

प्रश्न : कुटुंबासह फिरायला मी जुनी कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली) गाडी घेतली. छत गळायचं, म्हणून धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं. ६२ हजार ठरले, ४० हजार दिले. पहिल्याच पावसात तोरणमाळच्या घाटात गादीवर पाणी टपकलं, आतला प्लायवूड फुगला. गॅरेजवाला म्हणतो, पाणी खिडकीतून येतंय, बिलावर 'गॅरंटी नाही' असं लिहिलंय. वर उरलेले २२ हजार मागतो. दुसऱ्या मिस्त्रीकडून छत उघडून घेऊ का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आज उघडू नका. तुमचा पुरावा त्या छतातच आहे. दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला की पहिला म्हणणार, गळती त्यानेच केली. अशी खरी बाजू हातची गेलेली पाहिली की फार वाईट वाटतं.

छतात शिरलेलं पाणी फ्रेमवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं. त्यामुळे खिडकीजवळचा डाग खिडकीचा दोष सिद्ध करत नाही. नळी घेऊन आधी फक्त खिडकीवर पाणी सोडा, थांबा, मग छताच्या जोडांवर आणि व्हेंटभोवती. सलग व्हिडिओ काढा आणि मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत, ती कोणत्या मोबाइलवर कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं.

पण नुकसान वाढूही देऊ नका. टाळता येण्यासारखं नुकसान टाळलं का, हे करार कायद्याच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. ताडपत्री बांधा, तिचं बिल जपा.

मग स्पीड पोस्टाने नोटीस द्या : पंधरा दिवसांत येऊन पाहा आणि दुरुस्त करा, नाहीतर तुमच्या खर्चाने दुसरीकडून करून घेऊ. तो आला नाही, तर गाडीची बॉडी बांधणाऱ्या जाणत्या कारागिरासमोर छत उघडा आणि त्याचा लेखी अहवाल घ्या. कुजलेला प्लायवूड, निघालेला सीलंट पिशवीत ठेवा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. जुना थर न खरवडता वरून मारलेला दिसला, तर कामातली कसूर उघडच आहे.

'गॅरंटी नाही' या ओळीला घाबरू नका. निकृष्ट कामाची जबाबदारी तिने आपोआप पुसली जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी ठरते. धुळ्याला खेटे घालायचीही गरज नाही : तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. कामासाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र गाडी भाड्याने देत असाल तर आधीच सांगा. 'व्यावसायिक हेतू'चा, म्हणजे सेवा धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप हमखास येतो.

२२ हजारांचा वाद नोटिशीत लिहून नोंदवा. गाडी पुन्हा त्याच्याच दारात न्यावी लागली, तर 'आधीच्या कामातला दोष काढण्यासाठी ताब्यात घेतली' अशी सहीची पोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. बाकीसाठी गाडी अडवायचा हक्क तो करार कायद्याच्या कलम १७० वरून सांगू पाहील. पण तो हक्क ठरल्याप्रमाणे पार पाडलेल्या कामापुरताच असतो.